रिसेप्शन ऑर्डर

कोर्टात नोकरीला लागले ते साल 1985. पहिल्याच महिन्यात माझं हसं झालं. शिरस्तेदारांनी एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "ही रिसेप्शन ऑर्डर रजिस्टरला चढवा." मी तेवीस वर्षांची, नुकतीच चुलतबहिणीच्या लग्नाहून आलेली. विचारलं, "कुणाचं रिसेप्शन?" अख्खं ऑफिस हसलं. बेलिफमामा म्हणाले, "वरात दुपारी निघणार हाय बाई. आंबा घाटातनं."

कागद वाचला तेव्हा कळलं. एका माणसाला आंबा घाटाखाली रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात ठेवून घ्यावं, असा मॅजिस्ट्रेटसाहेबांचा हुकूम होता. रुग्णालयानं त्याला स्वीकारायचं, म्हणून रिसेप्शन. कायदा इंग्रजांच्या वेळचा, 1912 चा. त्यात अशा माणसाला 'ल्युनाटिक' म्हणत, आमच्या पोलिसांच्या मराठीत 'वेडसर इसम'. फॉर्म सायक्लोस्टाईल केलेला, टिंबटिंबांच्या जागा मोकळ्या. नाव, वय, राहणार, कुणी आणलं, दाखल्याची तारीख. पस्तीस वर्षांत असे किती कागद हाताखालून गेले ते मोजलं नाही. त्यातले दोन माझ्या घरचे होते.

बापू माझा पाठचा भाऊ. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजींच्या हाताखाली होता. क्विंटलचा भाव सांगा, पाटीचा हिशेब तोंडी करायचा. पेढीची हळद हरिपूरच्या पेवांत असायची. पेव म्हणजे जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आत वाईट हवा साठलेली असते. कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. हे सगळं मला बापूनंच सांगितलेलं, जेवताना, हात वाळेपर्यंत.

1991 च्या दिवाळीनंतर तो म्हणायला लागला, की पेढीवरची माणसं पेवाच्या तोंडाशी बसून त्याच्याबद्दल बोलतात आणि ते त्याला गावभागातल्या आमच्या घरात ऐकू येतं. आधी आम्ही हसलो. मग घाबरलो. मग दोन वर्षं सगळं केलं, अंगारे, उतारे, एका ठिकाणी अकरा अमावास्या. (आमच्या घरात दोन पदवीधर होते, हे सांगून ठेवते.) स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात आला तोवर बापूनं आबांवर एकदा पाटा उचलला होता.

1994 साली आबांनी कोर्टात अर्ज केला. नवा कायदा, म्हणजे 1987 चा, आदल्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून लागू झालेला. नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले, मग साहेबांचा हुकूम. अर्ज मीच लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. अर्जदार आबा, सामनेवाला बापू. आबांना तो शब्द वाचून दाखवला तर म्हणाले, "सामनेवाला? म्हंजे आमचं भांडान लागलंय व्हय त्याच्याबरूबर?" मी म्हटलं, कागदाची भाषा आहे आबा. सही करताना त्यांनी डोळे मिटले होते.

अकरा महिने बापू घाटाखाली होता. परत आला तो शांत, सुजलेला, हात थरथरणारा. आठवडाभर बोलला नाही. मग एके दिवशी कपडे वाळत घालता घालता म्हणाला, "आक्का, मला पेवात घातलंसा." माझ्या अक्षराबद्दलही बोलला. "अक्षार लई चांगलं काढलंवतंस."

असं असूनही मी हुकमाच्या विरोधात नाही. हुकूम नकोतच म्हणणाऱ्या लोकांना मी पाटा दाखवते. फक्त हुकूम देणाऱ्यानं समोरच्याशी चार शब्द बोलावेत, एवढंच माझं म्हणणं, आणि ते मी एका साहेबांकडून शिकले. एका गृहस्थानं बायकोसाठी अर्ज आणला होता. दोन दाखले जोडलेले, सगळं नीटनेटकं. साहेबांनी बाईंना जवळ बसवलं आणि आज सकाळी काय काय केलं, एवढंच विचारलं. बाई सांगत गेल्या. चारला पाणी भरलं, डबे केले, सासऱ्यांचं अंथरूण धुतलं, यांच्या हातचा मार खाल्ला, मग इथं आले. शेवटी म्हणाल्या, "येडी न्हाई साहेब, वैतागलीया." अर्ज फेटाळला. शेताचा तुकडा बाईंच्या माहेरून आलेला होता, ते नंतर कळलं. निवृत्तीनंतर आजही कुणीतरी येतं, "बाई, तुमची कोर्टात वळख हाय, एक ऑर्डर काढून द्या की," आणि मी आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारते. निम्मे चहा न घेता उठतात.

पुढची वीस-बावीस वर्षं, कुणाला पटो न पटो, बरी गेली. महिन्याला एक इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या. इंजेक्शन कमरेत घ्यायचं, औषध महिनाभर अंगात हळूहळू उतरतं. सोबत थरथर थांबवणारी एक छोटी पांढरी गोळी, बापू तिला 'ब्रेक' म्हणतो. पेढीवर पुन्हा उभा राहिला, हिशेबाला नाही, पोती मोजायला. आबा गेले, आई गेली, माझे मिस्टर गेले, आणि आम्ही दोघं बहीण-भाऊ गावभागातल्या घरात राहिलो. आबांच्या पेटीत एक कात्रण सापडलं. 6 ऑगस्ट 2001, तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागून 28 मनोरुग्ण मेले. पायांत साखळ्या होत्या, पळता आलं नाही. आबांनी कात्रण ठेवलं होतं, पण आमच्याशी त्यावर एक शब्द बोलले नव्हते. आम्हीही बापूला अशा एका ठिकाणी चार रात्री ठेवला होता.

ती तारीख डोक्यात बसली कारण 2019 साली बापूच्या इंजेक्शनची तारीख तीच आली, 6 ऑगस्ट.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीत काय झालं ते बाहेरच्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 45 फुटांवर गेली की धोक्याची. त्या वर्षी ती 57 च्या वर गेली. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी होडीत बसलो. मी दागिन्यांचा डबा घेतला, कागदपत्रं घेतली, देव्हाऱ्यातला बाळकृष्णसुद्धा घेतला. गोळ्यांचा डबा फडताळात खालच्या कप्प्यात होता, तो राहिला.

शाळेतल्या छावणीत डॉक्टर आले, देव त्यांचं भलं करो. लेप्टोच्या गोळ्या, ओआरएस, तापाचं, जुलाबाचं, पायांच्या चिखल्यांचं मलम. रक्तदाब-साखरेच्या गोळ्याही दुसऱ्या दिवशी आल्या. मी बापूच्या औषधाचं नाव सांगितलं तर त्या पोरसवदा डॉक्टरनं मान खाली घातली. "मॅडम, ते आमच्या किटमध्ये नसतं." रस्ते मोकळे झाले, घर धुतलं, फिनेल ओतलं, पंचनामा झाला. इंजेक्शन राहिलं ते राहिलंच. एकदा आम्ही गेलो तर ते द्यायला माणूस नव्हता, एकदा माणूस होता तर औषध नव्हतं. मग बापूच यायला तयार होईना. पितृपंधरवड्यात आईच्या तिथीला पान वाढलं आणि हाक मारली, तर बापू घरात नव्हता.

तिसऱ्या दिवशी एका पोलीस ठाण्यातून फोन आला. हायवेवर ट्रक अडवत होता म्हणे, आत हळद सडतीय म्हणून.

आता कायदा तिसरा होता. 2017 चा, लागू झाला 2018 ला. ह्या कायद्यानं पोलिसांवर बरंच काही बंधनकारक केलंय. असा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं, कोठडीत टाकायचं नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. मॅजिस्ट्रेटपुढे आणला तर ते तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा हुकूम देऊ शकतात. ठाण्यातल्या लोकांनी बापूला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं होतं, वडापाव दिला होता, एका हवालदारानं स्वतःची चप्पल दिली होती. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. माझंच कोर्ट. नोकरीचे अखेरचे काही महिने राहिलेले. मी खुर्चीतून उठून कठड्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, तर साहेब म्हणाले, "आपल्याकडच्याच ना तुम्ही? बसा, बसा." बसले नाही. बापूला त्यांनी नाव विचारलं, जेवला का विचारलं. बापू म्हणाला, "पेव फुटलंय साहेब, तुमी आदी त्ये बगा." ज्युनिअर क्लार्कनं ऑर्डर टाईप करून आणली. मी नजर टाकली तर आमच्या आडनावातला रफार भलत्याच अक्षरावर. तशा प्रसंगातही माझं बोट तिथं गेलं. "हे दुरुस्त करा, रुग्णालयात नाव जुळलं नाही तर परत पाठवतील." तिनं खोडलं, नीट लिहिलं, साहेबांनी शेजारी इनिशिअल केलं. भावाला घाटाखाली पाठवणारा कागद मी दुसऱ्यांदा तपासून दिला.

मग आला प्रश्न डिझेलचा.

हुकमात लिहिलेलं असतं की सदर इसमास अमुक ठिकाणी पोचते करावे. गाडीत डिझेल कुणी घालावं हे लिहिलेलं नसतं. सांगली ते रत्नागिरी सगळे मिळून पावणेदोनशे किलोमीटर, तेवढंच परत. फौजदार भला माणूस, तोंड चुकवत म्हणाला, "मॅडम, बिल टाकलं तर मंजूर व्हायला सहा म्हयने. तुमी तेवढं..." मी तेवढं केलं. दोन शिपायांचं जेवण, चहा, टोल, सगळं केलं. मला जमलं, मी सरकारी पगारदार. कोर्टातल्या दिवसांत मी किती हुकूम रजिस्टरला चढवले आणि खाली 'अंमलबजावणी झाली' असा शेरा वाचून पान उलटलं. प्रत्येक शेऱ्यामागे कुणाचं तरी डिझेल होतं, हे डोक्यातही आलं नव्हतं. बेलिफमामांचा वरातीचा विनोद तेव्हा कळला. वरातीचा खर्च घरच्यांनीच करायचा असतो.

मलकापूरच्या पुढे पाऊस लागला. आंबा घाटात एका शिपायाला वळणं लागली, तो खिडकीतून ओकत होता आणि बापू त्याची पाठ चोळत होता. "डोळं मिटू नगंस, लांब बग," असं सांगत होता. मागच्या सीटवर कोण कुणाला नेतंय, कळू नये. साखरप्याला चहा घेतला. बापूनं कपात बोट बुडवून बघितलं, हळद आहे का म्हणून.

आत काय झालं ते फार लिहीत नाही. बरंच झालं. दहा दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पुढचं कोर्टाकडे नाही, तुमच्याकडे. नव्या कायद्यात रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी असतो, त्याच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या तपासणीवर तीस दिवसांपर्यंत ठेवता येतं, आणि सात दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. आबांच्या वेळचा 'अर्जदार' आता 'प्रतिनिधी' झाला होता. शब्द बदलला हे मला खरोखर बरं वाटलं. सामनेवाला कुणीच नव्हता. चोविसाव्या दिवशी बापू घरी आला. ह्या वेळी सुजलेला नव्हता. आल्या आल्या विचारलं, "घराला रंग कंदी द्यायचा?" भिंतीवर पुराची रेघ होती.

त्या रुग्णालयात 365 खाटा आहेत. येरवड्याला 2540. राज्यात असली प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे आणि नागपूर धरून. अशा चारही ठिकाणी मिळून दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेले 475 लोक आहेत आणि त्यांतले 263 घरी जाण्यासारखे आहेत, ही माहिती मुंबई उच्च न्यायालयापुढे आली तेव्हा मी पेपर बापूला वाचून दाखवला. बापू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मालकानं चिठ्ठी हरवली आसंल." पेवातली हळद काढायला मालकाची चिठ्ठी लागते. मी पुढचं वाचलं नाही.

आता मूळ तक्रारीकडे येते, कारण एवढा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला.

2017 च्या कायद्याचं कलम 18 मी कारकुनी डोळ्यांनी चार वेळा वाचलंय. त्यात म्हटलंय, की मानसिक उपचार सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. उपचारांसाठी कुणाला लांबचा प्रवास करायला लागू नये. जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारनं सोसावा. अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत सदासर्वकाळ मोफत असावीत. 'सदासर्वकाळ' हा माझा शब्द, पण अर्थ तोच. इतकं स्वच्छ लिहिलेलं कलम मी क्वचित पाहिलं.

आणि गेल्या काही वर्षांत मी एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर उभी राहिलेय. खिडकीमागचा मुलगा रजिस्टर माझ्याकडे फिरवतो. बापूच्या इंजेक्शनच्या ओळीत लाल शाईनं लिहिलेलं असतं, 'नील'. "इंडेंट पाठवलंय मॅडम. लोकल परचेसला फंड न्हाई. तुमी भायेरनं आणा, आमी टोचून देतो." चिडत नाही मी त्याच्यावर. तो कंत्राटी आहे, त्याचा पगारही दोन-दोन महिने रखडतो, हे तोच सांगतो. 2023 च्या 15 ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर फुकट झाला, चांगलं झालं. फुकटच्या केसपेपरवर डॉक्टर जे लिहितात ते समोरच्या मेडिकलातून आणायचं.

इंजेक्शन काही महाग नाही. तेच तर डोक्यात जातं. एका वेळी माझ्यापुढे जतकडची एक आजी होती. नातवाला घेऊन आलेली, नातू तिच्या दीडपट उंच आणि तिच्या पदराचं टोक धरून उभा. एसटीला अर्धं तिकीट म्हणून परवडलं म्हणाली, पण रानातला दिवस बुडाला. 'भायेरनं आणा' ऐकल्यावर तिनं चिठ्ठी चार घड्या घालून कनवटीला लावली आणि म्हणाली, "फुडल्या म्हयन्यात बगू." मी पैसे पुढे केले तर ओशाळली, घेतले नाहीत. माझंही चुकलं, आधी आणून मग द्यायला हवं होतं. तो नातू पुढच्या महिन्यात आला का, मला माहीत नाही. असे काही महिने जाऊ द्या. एखाद्या रात्री तोही कुठल्यातरी ठाण्याच्या बाकावर बसलेला असेल, मॅजिस्ट्रेट हुकूम देतील, आणि गाडी, दोन शिपाई, डिझेल, दहा दिवसांची खाट, सगळं उभं राहील. एका इंजेक्शनच्या पैशात जे भागलं असतं त्याला शेकडो पट खर्च येईल. बापूच्या वेळी मी तो हिशेब मांडून ठेवलाय, वहीच्या मागच्या पानावर.

हुकूम माणसावर बजावता येतो. औषधाच्या कपाटावर बजावायचा कुठला फॉर्म माझ्या पस्तीस वर्षांत मी पाहिला नाही.

पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या नावानं 2018-19 ला 50 कोटी ठेवले होते, पुढच्या वर्षी 40 कोटी. देशाच्या डोक्यांनी भागा, माणशी तीस पैसे येतात. जिल्ह्यांचा पैसा दुसऱ्या हेडखाली येतो, मला माहीत आहे, कारकुनाला हेड कळतात. पण नवा कायदा लागू झाल्यावर पहिल्याच अर्थसंकल्पात आकडा खाली यावा, याला काय म्हणायचं? 2022 च्या ऑक्टोबरात 14416 हा मानसिक मदतीचा सरकारी फोन नंबर सुरू झाला, टेलिमानस. मी एकदा रात्री दीडला लावला होता, मराठीत बोलली मुलगी, चांगलं बोलली. तिच्याकडे इंजेक्शन असतं तर तिला घरीच बोलावलं असतं.

रागाचा भर ओसरल्यावर मी दोन कामं केली. कलमाचा हवाला देऊन जिल्ह्याच्या कार्यालयात एक अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं नाही, पण पुढचे चार महिने इंजेक्शन मिळालं. अर्जामुळे की योगायोगानं, सांगता येत नाही. आता दर सहा महिन्यांनी देते. अक्षर अजून चांगलं आहे. दुसरं, एक स्टीलचा डबा आणला, घट्ट झाकणाचा.

यंदा जुलैत पाऊस लागला. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, आयर्विनजवळ पातळी 38 फूट म्हणून मोबाईलवर मेसेज फिरायला लागले. 40 ला इशारा असतो. मी स्वयंपाकघरात होते. बापू पायरीवर बसून समोरच्या पोराला पातळी विचारत होता, दर अर्ध्या तासानं. मग उठला, आत आला, फडताळातून डबा काढला, झाकण उघडून गोळ्या मोजल्या, पोती मोजायचा तशाच, ओठ हलवत. शिडी लावून माळ्यावर चढला. भिंतीवरच्या जुन्या रेघेच्या दोन हात वर डबा ठेवला आणि वरूनच ओरडला,

"आक्का, एकोनतीसच हायत. बरेक दोन कमी हाय. उद्या जाऊन यायला पायजे, पानी यायच्या आदी."